शेंगांच्या शेताकडेही गाडी वळवा
ब्रिटनमधल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

जून जवळ आला की आपल्याकडे फोनाफोनी सुरू होते. एकवीस तारखेला कोण कोण येतंय, रात्री किती वाजता निघायचं, कुणाच्या गाडीत जागा आहे, दशम्या कोण करणार. स्टोनहेंजच्या पुरातन दगडी वर्तुळापाशी बघायची ती वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाची पहाट आता आपल्या लोकांचाही एक सण झाली आहे. गेल्या वर्षी तुम्ही काढलेला व्हिडिओ मी तीनदा बघितला. हील स्टोन नावाच्या दगडाच्या बाजूनं सूर्य वर आला, आपल्यातल्या दोघी-तिघींनी हात जोडले, एक पोलीस शिपाई शेजारी उभा राहून हसत होता. मन भरून आलं.

नंतर मंडळाच्या जेवणात त्या पहाटेचा विषय निघाला, तेव्हा आपल्यातलाच एक तरुण मुलगा म्हणाला, "काय व्यवस्था आहे! प्रवेश फुकट, पोलीस एवढे प्रेमळ. हे लोक पहिल्यापासूनच असे." मान हलवून सगळे भाताकडे वळले. मीही वळले. त्या रात्री मात्र झोप लागली नाही. हे लोक पहिल्यापासून असे नव्हते, आणि ते मला माहीत होतं. चाळीस वर्षं माहीत आहे आणि चाळीस वर्षं मी बोललेले नाही. १९८५ च्या जूनमध्ये याच दगडांकडे निघालेल्या लोकांचं पोलिसांनी एका शेंगांच्या शेतात काय केलं, ते सांगायला हे पत्र.

मी मूळची बार्शीची. १९८१ साली लग्न करून इकडे आले. हे अँडोव्हरला एका कारखान्यात नोकरीला होते. शेजारी एक इंग्रज आजी राहायच्या, एकट्या. त्यांनी मला हाताला धरून हा देश दाखवला. १९८४ च्या जूनमधल्या एका रविवारी त्या म्हणाल्या, "चल, तुला एक जत्रा दाखवते." पेपरात त्या जत्रेबद्दल वाईटसाईटच छापून यायचं. आजींना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

स्टोनहेंजचे दगड रस्त्याच्या एका अंगाला आणि समोरच्या माळावर नजर पोचेल तिथपर्यंत तंबू, राहुट्या, रंगवलेल्या बसगाड्या. जुन्या अँब्युलन्स, घोडे वाहून नेणाऱ्या गाड्या, छपरातून धुराडं काढलेली डबलडेकर. पायाखाली पांढरी खडूची माती, ती साडीच्या काठाला लागली आणि धुऊनही गेली नाही. तिकीट नाही, कुंपण नाही, कुणी 'तुम्ही कोण' म्हणून विचारत नव्हतं. हॉकविंडसारखे नावाजलेले वादक तिथं पैसे न घेता वाजवायचे. असं ते १९७४ पासून दर जूनमध्ये चाललं होतं.

एका हिरव्या बसच्या दारावर मोठं सूर्यफूल काढलेलं होतं आणि खाली फळीवर इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'चाय'. मी थबकलेच. तीन वर्षांत तो शब्द घराबाहेर ऐकला नव्हता. आतली बाई माझ्याच वयाची, कडेवर दीड-दोन वर्षांचं पोर. म्हणाली, एक हिवाळा गोव्यात हणजुणेला काढला, तिथं शिकले. दूध, साखर, दालचिनी घालून उकळलेला चहा तिनं जामच्या बरणीत ओतून दिला. बरणी इतकी गरम की मी पदराची घडी करून धरली. पैसे किती, विचारलं, तर डब्याकडे बोट केलं: असतील तर टाक, नसतील तर राहू दे.

आमच्या बार्शीवरून आषाढात मराठवाड्यातल्या दिंड्या पंढरपूरकडे जायच्या. आई ओट्यावर बसून भाकरी थापत राहायची, आणि येईल त्याच्या हातावर पिठलं-भाकरी पडायची. कुणाची कोण, कुठली, हा प्रश्न नसायचा. त्या बरणीतला चहा पिताना मला आई आठवली. इथं ना विठोबा, ना टाळ-मृदंग, पण खाण्यापिण्याला किंमत न लावणारी माणसं मला या देशात पहिल्यांदा तिथं भेटली.

सगळंच गोड होतं असं मी सांगणार नाही. गांजा आणि आणखी काय काय पाट्या लावून विकत होते. आजींनी एक पाटी वाचली आणि माझा दंड धरून मला पुढे नेलं. संडासाची सोय जवळजवळ नव्हती. आसपासच्या रानातली झाडं सरपणासाठी तुटली होती, आणि त्या माळावर चार-चार हजार वर्षांपूर्वीच्या दफनाच्या टेकड्या आहेत, त्यांचंही नुकसान झालं. शेतकरी वैतागले होते आणि त्यांचा वैताग खरा होता. त्याच वर्षी एप्रिलपासून दगडांची जबाबदारी इंग्लिश हेरिटेज या नव्या संस्थेकडे गेली होती. जत्रा आता थांबवावी, असं त्यांना वाटलं असेल तर त्यात मला वावगं वाटत नाही. कोर्टात जाऊन मनाई हुकूम आणणं, हेही कायद्याला धरून झालं. पुढे जे झालं ते मात्र कायद्याला धरून नव्हतं.

त्याआधीचं थोडं सांगते, कारण ही जत्रा आकाशातून पडली नव्हती. १९७२ पासून तीन वर्षं ऑगस्टमध्ये विंडसरच्या राजघराण्याच्या उद्यानात अशीच फुकट जत्रा भरली. तिसऱ्या वर्षी, १९७४ ला, पोलिसांनी ती लाठ्यांनी उधळली. त्यावर इतका गहजब झाला की पुढच्या वर्षी सरकारनं स्वतः वॉचफील्डचं एक पडीक विमानतळ जत्रेसाठी दिलं. म्हणजे चूक झाली तर ती निस्तरायची रीत या देशाला ठाऊक होती. स्टोनहेंजची जत्रा ज्याच्या डोक्यातून निघाली तो फिल रसेल, ज्याला सगळे वॉली होप म्हणत, त्याला १९७५ मध्ये एलएसडी हे नशेचं द्रव्य जवळ बाळगल्याबद्दल पकडलं आणि मनोरुग्णालयात ठेवलं. बाहेर आला तो खंगलेला, आणि त्याच सप्टेंबरात गेला. त्याच्या मित्रांनी त्याची राख त्या दगडांपाशी नेली. तुम्ही जिथं हात जोडता, तिथं.

आता १ जून १९८५. शनिवार होता. आजींची बहीण टिडवर्थला राहायची, रस्त्याला लागूनच घर. तिच्याकडे आम्ही चहाला गेलो होतो. दुपारी रस्त्यावर एकदम गाड्यांचा आवाज वाढला, वर हेलिकॉप्टर. आम्ही तिघी फाटकाशी जाऊन उभ्या राहिलो. जत्रेचा ताफा चालला होता. सॅवर्नेकच्या जंगलात रात्रीचा मुक्काम करून ते स्टोनहेंजकडे निघाले होते. सुमारे १४० गाड्या, माणसं पाच-सहाशे, हे आकडे नंतर कळले. मला दिसल्या त्या एकामागून एक संथ जाणाऱ्या गाड्या. खिडक्यांतून पोरं हात हलवत होती. कुणी घोषणा देत नव्हतं, कुणाच्या हातात काही नव्हतं.

मधेच ती हिरवी बस आली. दारावरचं सूर्यफूल एका वर्षात थोडं विटलं होतं. ती बाई पुढच्या सीटवर होती, पोर मांडीवर. तिनं मला ओळखलं की नाही देव जाणे, पण साडीतली बाई रस्त्यावर दिसली म्हणून पोराचा हात धरून तिनं तो माझ्याकडे हलवला. मीही हात हलवला. टिडवर्थ ते ती जागा, अंतर फार तर तीन-चार मैल.

शिप्टन बेलिंजरच्या पुढे पोलिसांनी रस्त्यावर खडीचे ढीग ओतून वाट बंद केली होती. दगडांपासून सातेक मैल अलीकडे. सहा परगण्यांतून आणि संरक्षण खात्याकडून आणलेले तेराशेच्या आसपास पोलीस होते. ताफा अडल्यावर पोलिसांनी मागच्या गाड्यांच्या काचा फोडायला सुरुवात केली. माणसं घाबरली आणि कुंपण तोडून गाड्या बाजूच्या गवताळ शेतात घातल्या. तिथं कित्येक तास नुसती कोंडी. आम्हाला परत जाऊ द्या, असं ताफ्यातले लोक विनवत होते. सगळ्यांना अटकच होणार, असं पोलिसांचे वरिष्ठ सांगत राहिले. आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला ढाली-हेल्मेटवाल्या तुकड्या आत शिरल्या. काही गाड्या जीव घेऊन शेजारच्या शेतात पळाल्या. ते शेंगांचं शेत होतं. म्हणून त्या दिवसाचं नाव पडलं 'बॅटल ऑफ द बीनफील्ड'. लढाई म्हणतात, पण लढाईला दोन सैन्यं लागतात.

काही गाड्या शेतात बेफाम पळवल्या गेल्या, वस्तू फेकल्या गेल्या, पोलीसही जखमी झाले, हे पोलिसांचं म्हणणं मी वाचलं आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण लोळवलेल्या माणसावर लाठी चालवायची, पोरं आत असताना बसच्या काचा फोडायच्या, बाईला केसांना धरून खिडकीतून ओढायचं, याला कुठलं उत्तर? हे त्या लोकांनीच सांगितलं असतं तर कुणी मानलं नसतं. पण तिथं बाहेरची माणसं होती. टीव्हीवर बातम्या देणाऱ्या आयटीएनचा वार्ताहर किम सबीडो कॅमेऱ्यासमोर उभा राहून म्हणाला की पोलिसांची इतकी क्रूर वागणूक आपण सबंध कारकिर्दीत पाहिलेली नाही. नंतर त्यानं ते चित्रण शोधलं, तर सगळ्यात वाईट भाग सापडेनात. ऑब्झर्व्हर वर्तमानपत्राचा निक डेव्हिस तिथं होता, त्यानं लिहिलं. आणि अर्ल ऑफ कार्डिगन होते. ज्या सॅवर्नेकच्या जंगलात ताफा उतरला होता ते त्यांच्या घराण्याचं. कुतूहलापोटी मोटारसायकलवर ताफ्यामागे गेले होते. सरंजामी घरातला माणूस, त्याचा आणि जत्रेचा काय संबंध? पण दिवस भरत आलेल्या गरोदर बाईच्या डोक्यात लाठी पडताना त्यांनी पाहिली आणि कोर्टात शपथेवर तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी जंगलात उरलेल्या लोकांना हुसकावायची परवानगी पोलिसांनी मागितली, तीही नाकारली. मोठ्या वर्तमानपत्रांनी त्यांना खोटं ठरवायला बघितलं, तेव्हा त्यांनी अब्रुनुकसानीचे दावे लावले आणि जिंकले.

५३७ माणसांना त्या दिवशी अटक झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर या देशात सामान्य माणसांची एवढी मोठी धरपकड क्वचितच झाली असेल. आईबाप एका गावच्या कोठडीत, पोरं दुसरीकडे सरकारी देखरेखीत. आणि ज्या गाड्या फुटल्या ती त्यांची घरं होती. लोक हे विसरतात. बस फोडली म्हणजे चूल, अंथरूण, पोराचं दुपटं, सगळं फोडलं. हिरव्या बसचं काय झालं, मला कधीच कळलं नाही. मी विचारलंही नाही.

इथून पुढचं लिहायला मला चाळीस वर्षं लागली.

त्या वर्षीच्या दिवाळीत आपली पंधरा-वीस कुटुंबं एका घरी जमली होती. विषय निघाला. एक गृहस्थ म्हणाले, "त्या घाणेरड्या हिप्प्यांना झोडपलं ते उत्तम झालं. फुकटे लेकाचे." सगळ्यांनी दुजोरा दिला. मी चिवड्याचं ताट फिरवत होते. त्या ताफ्यात काय होतं हे त्या खोलीत फक्त मी पाहिलं होतं. मी ताट पुढे केलं आणि 'लाडू घ्या ना' म्हणाले.

त्याच हिवाळ्यात आजी कागद घेऊन आल्या. अटक झालेल्यांच्या बाजूचा एक वकील साक्षी गोळा करत होता. ताफा टिडवर्थमधून कसा गेला, शांतपणे की दंगा करत, एवढंच लिहून सही करायची. आजींनी केली, त्यांच्या बहिणीनं केली. मी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "आपले कायमच्या वास्तव्याचे कागद अजून वर आहेत. आत्ता पोलिसांविरुद्ध सही नको." यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. तेव्हा आपल्या माणसाला रस्त्यात कुणी काही बोललं तरी आपण मान खाली घालून जायचो. पण आजींनी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली, त्यांचा तो हात मला अजून दिसतो. त्या रागावल्या नाहीत. "समजते मी," एवढंच म्हणाल्या. तेच फार लागलं.

बहुतेक खटले टिकले नाहीत. एका पोलीस सार्जंटला मारहाणीबद्दल दोषी ठरवलं, १९८७ मध्ये. ताफ्यातल्या २४ जणांनी विल्टशर पोलिसांवर दिवाणी दावा लावला. १९९१ मध्ये निकाल लागला, मालमत्तेची नासधूस आणि इतर गोष्टींसाठी सुमारे २४ हजार पाउंडांची भरपाई मिळाली, पण कोर्टखर्च द्यायला न्यायाधीशांनी नकार दिला आणि जिंकलेले पैसे वकिलांच्या बिलात गेले. कायदा मात्र उलट्या दिशेनं धावला. १९८६ च्या कायद्यानं आणि मग १९९४ च्या कायद्यानं गाड्यांत राहणाऱ्यांना हाकलणं सोपं झालं, आणि ठरावीक परिसरात वीस किंवा त्याहून जास्त माणसांनी जमणं हाच गुन्हा ठरवता येऊ लागला. वर्षानुवर्षं २१ जूनला दगडांभोवती काटेरी तारा आणि पोलिसांच्या रांगा असायच्या.

आता तुमच्या त्या फुकट प्रवेशाकडे येते. १ जून १९९५ ला, बीनफील्डला दहा वर्षं झाली म्हणून, २१ माणसं स्टोनहेंजच्या कुंपणाबाहेर ए-३४४ रस्त्याच्या कडेला फलक घेऊन उभी राहिली. रहदारीला अडथळा नाही, दंगा नाही. पोलिसांनी हटायला सांगितलं. मार्गारेट जोन्स आणि रिचर्ड लॉइड हटले नाहीत. त्यांना दोषी ठरवलं गेलं, अपील होत होत प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या न्यायपीठापर्यंत गेलं आणि १९९९ च्या मार्चमध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी ते सुटले. सार्वजनिक रस्ता नुसता येण्याजाण्यापुरता नाही, कुणाच्या वाटेत न येता तिथं शांतपणे जमणं हाही त्याचा रास्त उपयोग होऊ शकतो, असं बहुमतानं ठरवलं. पुढच्याच वर्षी, २००० साली, इंग्लिश हेरिटेजनं २१ जूनच्या पहाटे दगडांपर्यंत सगळ्यांना मोकळं सोडलं. तेव्हापासून, कोविडची वर्षं सोडली तर, दरवर्षी ती वाट मोकळी असते.

तुम्ही नव्या व्हिजिटर सेंटरपासून चालत किंवा शटलनं येता ना, तेव्हा दगडांजवळ एक गवताचा लांब पट्टा लागतो. तो ए-३४४. २०१३ मध्ये बंद करून त्यावर गवत लावलं. जोन्स आणि लॉइड जिथं उभे राहिले ती कडा आता शोधूनही सापडत नाही. पोरांना निदान तो पट्टा दाखवा.

माझं मागणं यापेक्षा थोडं मोठं आहे. यॉर्कशरमध्ये ऑरग्रीव्हला १८ जून १९८४ ला संपावरच्या खाणकामगारांवर पोलिसांनी घोडे घातले होते. ९५ जणांवर खटले भरले आणि पोलिसांचे पुरावे भरवशाचे नाहीत म्हणून ते कोसळले. एकेचाळीस वर्षं त्या लोकांनी पाठ सोडली नाही, आणि २०२५ च्या जुलैमध्ये सरकारनं चौकशी जाहीर केली. बीनफील्ड त्यानंतर वर्षभरात घडलं, आणि त्याची तशी सार्वजनिक चौकशी आजवर झालेली नाही. खाणकामगारांच्या मागे युनियन होती, गावं होती. या लोकांची गावं चाकांवर होती आणि ती त्या संध्याकाळीच फोडली गेली. त्यांच्यातले कितीतरी देश सोडून गेले, आणि जे उरले ते म्हातारे होत चालले आहेत, माझ्यासारखेच.

तुम्ही आता इथले नागरिक आहात. डॉक्टर आहात, नगरसेवक आहात, कुणाकुणाची मुलं वकील आहेत. तुमचे कागद कुठं 'वर' अडकलेले नाहीत. आपापल्या खासदाराला एक पत्र लिहा: ऑरग्रीव्हप्रमाणे बीनफील्डचीही चौकशी व्हावी, पोलिसांच्या वायरलेसच्या ज्या नोंदी आणि जे चित्रण शिल्लक असेल ते लोकांसमोर यावं. इंग्रजी मसुदा माझ्या भाच्यानं करून दिलाय, मागाल त्याला पाठवते. पोलीस दलाला शिव्या द्यायच्या नाहीत. त्या व्हिडिओतला हसरा शिपाई कुणाचा तरी चांगला मुलगा आहे. त्याच्या आधीच्यांनी काय केलं हे त्यालाही कळायला हवं.

माझी साक्ष मी आता लिहिली आहे. दीड पान झाली. टिडवर्थ, शनिवार, दुपार, हिरवी बस, हात हलवणारं पोर. चाळीस वर्षांनी तिला कायद्यात काय किंमत, मला ठाऊक नाही. आजी जाऊन बावीस वर्षं झाली, त्यांना ती वाचून दाखवता आली नाही. ती मी माझ्या खासदाराला पाठवली आहे आणि एक प्रत मंडळाच्या कपाटात ठेवायला दिली आहे.

यंदा एकवीस तारखेला याल तेव्हा परतताना ए-३०३ वरून ए-३३८ ला वळा, शिप्टन बेलिंजरच्या दिशेनं. पार्कहाउसचा चौक सोडला की लगेचच ती शेतं लागतात. बघण्यासारखं काही नाही, पीक असेल ते असेल. मी त्या दिवशी सकाळी आठपासून तिथं जवळ गाडी लावून बसेन. चहाचा मोठा थर्मास आणते, दालचिनी घालून. दशम्या तुम्ही आणा.

तुमची,
अँडोव्हरच्या काकू